लाटण्याचं दुसरं टोक

तुम्ही कधी एखाद्या माणसाला लॉरी चावताना पाहिलंय का?

मी पाहिलंय. बरकतपुऱ्यात आमच्या घराला घर लागून त्र्यंबककाका राहत. सकाळी पूजा आटोपली, की कपाळावरचं गंध ओलं असतानाच ते अंगणातल्या लॉरीचं बॉनेट उघडत, इंजिन सुरू करत आणि कमरेला खोचलेलं लाटणं बाहेर काढत. पोळ्या लाटायचं लाटणं, दुसरं कुठलं नाही. त्याचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं दाढांखाली घट्ट धरायचं आणि डोळे मिटायचे. इंजिन थरथरे, लाटणं थरथरे, काकांचे गाल आणि मिशा थरथरत. चेहरा मात्र असा शांत, की जणू भजनाला बसलेत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या हातातला पत्रकांचा गठ्ठा खाली पडला. पत्रकाचा मथळा होता ‘जागे व्हा’. देश स्वतंत्र होऊन बरेच महिने लोटले होते, पण आमचं संस्थान अजून बाहेरच होतं. असलं पत्रक नुसतं जवळ सापडलं तरी तुरुंग. मी गुडघ्यांवर बसून कागद गोळा करतोय, तोवर काकांनी एक उचलला आणि वाचायला लागले. मोठ्याने. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय हे कळत नाही. बंदी असलेला तो मजकूर त्यांनी इंजिनाच्या धडधडीवर मात करून, भर गल्लीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“काका, हळू,” मी ओरडलो. त्यांना ऐकू आलं नाही. उरलेल्या गल्लीला आलं.

कागद माझ्या हाती परत देत ते म्हणाले, “मजकूर ठीक आहे, पुढारी. पण दाब जास्त झालाय.”

तेव्हापासून मी त्यांचा पुढारी. माझं खरं नाव त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

काका बांधकाम खात्यात नक्शानवीस होते. पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढायचे. चाळिशीत कान मंद होत गेले आणि पन्नाशीच्या आत बंद पडले. डॉक्टरांनी सांगितलं, की कानाच्या आतलं एक बारीक हाड घट्ट बसलंय, ते हलत नाही. काका सांगत, “कानातली बेअरिंग जाम झाली. बाकी मशीन चालू आहे.” मुदतीआधी पेन्शन घेऊन ते घरी बसले, म्हणजे बसले नाहीत, लढाईनंतर भंगारात निघालेली एक लष्करी लॉरी त्यांनी विकत घेतली आणि तुळशीवृंदावन बाजूला सरकवून अंगणात आणून उभी केली. धोतर, वर जुनी काळी शेरवानी, डोक्याला मफलर आणि गळ्यात सुतळीने बांधलेली पाटी, अशा वेषात ते तिच्याभोवती फिरत.

पाटी आमच्यासाठी होती. काकांशी बोलायचं तर पाटीवर लिहायचं. माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालेलं. ‘बंधूंनो’ म्हटल्याशिवाय मला तोंड उघडता येत नसे. आणि ‘बंधूंनो’ लिहिण्यातच अर्धी पाटी संपायची. काका तळहाताने ती पुसून टाकत.

“भाषण नक्को, पुढारी. बात सांग.”

आता जे सांगतो ते ऐकून तुम्हालाही धक्का बसेल. मला तर बसलाच होता. त्या वर्षी होळीनंतर शहरातली हवा बिघडली. रोज रात्री कुठे ना कुठे दगडफेक, आणि दिवसा तिच्या दुप्पट अफवा. आमच्या गल्लीतल्या बायकामुलांनी संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीत जायचं ठरवलं. माझी आई निघाली, काकांच्या पत्नी रमाकाकू निघाल्या. सगळे म्हणाले, त्र्यंबकराव, तुम्हीही जा. ऐकू येत नाही, काही झालं तर कळणार पण नाही. काका म्हणाले, “लॉरी कोण बघेल?”

पस्तीस वर्षांच्या संसाराची बायको टांग्यात चढते आहे आणि नवरा लॉरीची काळजी करतो आहे. एवढ्यावर थांबले असते तरी मी माफ केलं असतं. टांगा सुटता सुटता त्यांनी हाक मारली. काकूंनी वळून पाहिलं. काका म्हणाले, “लाटणं ठेवून जा.”

काकूंनी बोचकं सोडलं, लाटणं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मी त्याच दिवशी मनात एका पत्रकाचा मसुदा केला: ‘पुरुषी स्वार्थाचा नमुना’. आणि त्यानंतर आठवडाभरात हे चावणं सुरू झालं.

काकांना त्याबद्दल विचारलं तर म्हणत, “ही माझी ईजाद आहे, माझा स्वतःचा शोध. लाकडातून आवाज दाताला येतो, दातातून डोक्यात. कानाची गरजच काय?” मग ते इंजिनाच्या आत काय काय चाललंय ते सांगत. हा वॉल्व्ह जरा उशिरा बसतोय, त्या पिस्टनची कडी झिजलीय. खरं होतं की नाही कुणाला ठाऊक. आमच्या गल्लीत तपासून पाहणार कोण?

पुढे सरहद्दीवर नाकेबंदी झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. शहरातल्या मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. काकांची लॉरी मात्र चालत होती. कशावर, ते मला एका दुपारी त्यांच्या न्हाणीघराचं दार ढकलल्यावर कळलं. आंघोळीच्या तांब्याच्या बंबाला एक वाकडी नळी जोडलेली, खाली चुलीत निखारे, आणि नळीच्या तोंडातून बाटलीत थेंब थेंब पडतंय. वास ओळखायला मला वेळ लागला नाही. मल्लय्या कलालाच्या दुकानासमोर मी तीनदा निदर्शनं केली होती.

“दारू?” मी पाटीवर लिहिलं.

“मोहाची,” काका म्हणाले. “मल्लय्याकडून पहिल्या धारेची आणतो आणि पुन्हा गाळतो, पाणी निघून जाईपर्यंत. मी नाही पीत. ती पिते.” आणि त्यांनी खिडकीतून लॉरीकडे बोट दाखवलं.

गल्लीतल्या लोकांनी त्यांना कधीच दारुडे ठरवून टाकलं होतं. मी निदान लॉरीला ठरवलं.

ती नुसती पीत नव्हती. काकांनी तिला त्यासाठी घडवलं होतं. इंजिनाचं वरचं जाड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते त्यांनी कोठी बाजारामागच्या एका कारखान्यातून खालच्या बाजूने घासून आणलं होतं. हेड पातळ झालं की आतली जागा कमी होते आणि आत आलेली वाफ जास्त दाबली जाते. काका समजावत, “स्पिरिटला दाब सोसतो. जितकं दाबशील तितकं जोर करतं. दाबलेली चीज वेळेवर पेटली तर काम, वेळेआधी पेटली तर ठोका.” हे म्हणताना ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत, की विषय इंजिनाचा आहे की चळवळीचा, हे मला कधी कळलं नाही.

त्या उन्हाळ्यातच त्यांची दाढ दुखायला लागली. उजवीकडची खालची. गाल असा सुजला, की मफलर बांधल्यावर डोकं एका बाजूने मोठं दिसे. मी त्यांना कोठीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, “काढावी लागेल. आजच.” मी पाटीवर लिहिलं. काका खुर्चीतून उठले.

“उपटायची नाही. कान आहे तो माझा.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. काकांनी तोंड उघडून समजावलं: डावीकडचे दात गेलेले, पुढचे हलतात, वरची दाढ आणि खालची दाढ नीट एकमेकींवर बसते ती फक्त उजवीकडे. ही गेली की लाटणं कशात धरणार?

“इंजिनासाठी तुम्ही हे दुखणं सोसणार?” मी लिहिलं.

काकांनी पाटी पुसली. लवंगा चघळत ते घरी आले आणि भाकरी पाण्यात कुस्करून खाल्ली. पोळ्या तर काकू गेल्यापासून बंदच होत्या. लाटणं मोकळं नव्हतं.

भाद्रपदात सरहद्दीपलीकडून देशाची फौज आली. चार-पाच दिवसांत जुनी राजवट संपली आणि आम्ही रस्त्यावर नाचलो. त्या नाचात पुढे काय काय घडलं, कुणाकुणाची घरं जळाली, ते मी वेगळं लिहिलंय आणि त्यासाठी माझ्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. इथे लॉरीचं सांगतो. आमच्या गल्लीची एक समिती झाली. अध्यक्ष एक वकीलसाहेब, चिटणीस मी. समितीने जाहीर केलं, की छावणीतली आपली सगळी माणसं दिवाळीच्या आत घरी येतील. मीच ते लिहिलं आणि भिंतीभिंतीवर चिकटवलं. आईचं पोस्टकार्ड आलं होतं: थंडी सुरू झाली आहे, रमाबाईंना खोकला आहे, केव्हा नेतोस?

आगगाड्या अजून धड नव्हत्या आणि छावणी स्टेशनापासून दूर माळावर. गल्लीकडे वाहन एकच. काकांच्या लॉरीला मी पहिल्यांदाच हात जोडले.

“मी कशाला ठेवलीय तिला?” काका म्हणाले. “चला की.”

आणि इथे समितीने ती चूक केली, जी फक्त आमच्यासारखेच लोक करू शकतात. फौजेबरोबर पेट्रोल आलं होतं आणि वकीलसाहेबांनी खटपट करून त्याचे डबे मिळवले होते. सभा भरली. स्वतंत्र देशातली आपली पहिली लॉरी आपल्या आयाबहिणींना आणायला दारूवर जाणार का, असा सवाल मी केला. कुणीही हो म्हणालं नाही. एकमताने ठराव झाला. काका हजर होते. पण पाटीवर ठराव कुणी लिहिला नाही. काका पूजेला बसलेले असताना मल्लय्याच्या स्पिरिटची पिंपं आम्ही मोरीत रिकामी केली आणि टाकीत शुद्ध पेट्रोल भरलं. लॉरीला हार घातला.

यादगिरी नावाचा ड्रायव्हर होता, काकांनीच शिकवलेला. त्याने लॉरी गल्लीबाहेर काढली. सपाटीला ठीक चालली. नारायणगुड्याकडच्या चढाला लागली मात्र, आणि इंजिनातून आवाज यायला लागला. कुणीतरी आत बसून लोखंडी घणाने पत्र्यावर ठोकतंय असा. ठण ठण ठण. यादगिरीने लॉरी थांबवली.

“साब, रॉड गया,” तो म्हणाला. “अंदर सब टूटताय.”

लॉरी ढकलत परत आणली. हार सुकला होता. वकीलसाहेब म्हणाले, ही तोडफोड आहे, जुन्या राजवटीच्या माणसांचं काम. मी लगेच संशयितांची नावं मनात जुळवायला लागलो. काकांनी कुणाचंच ऐकलं नाही, म्हणजे ऐकणं शक्यच नव्हतं. ते लाटणं घेऊन इंजिनावर वाकले.

बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, “ठोका आहे. सावकाश आहे. खालून येतोय. बेअरिंग.”

दिवसभर खपून काकांनी आणि यादगिरीने इंजिनाचा तळ उघडला. बेअरिंगा नव्या नाण्यासारख्या चकचकीत. काकांना ते पटेना. त्यांनी पुन्हा लाटणं टेकवलं आणि पुन्हा डोळे मिटले.

“येतोय की ठोका. साफ येतोय.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यादगिरीने हळूच पाटी घेतली आणि त्याला येत होत्या त्या मोडक्या अक्षरांत लिहिलं: ‘इंजिन बंद.’

काकांनी डोळे उघडले. पाटीकडे पाहिलं, लॉरीकडे पाहिलं, मग सुजलेल्या गालावर हात ठेवला. दाढ ठणकत होती. दिवसभर आम्ही तिच्या ठणक्यावर इंजिन खोललं होतं.

मी हबकलोच. ज्या माणसाच्या तोंडावर आईची सुटका अवलंबून होती, त्याला आपली दाढ आणि लॉरी यांत फरक करता येत नव्हता. मी रागाने पाटीवर लिहिलं, ‘दाढ काढा.’ काकांनी वाचलं आणि पाटी उलटी केली.

“नक्को. वजाबाकी करू.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिनाचा तळ पुन्हा बसवून, त्यांनी खरोखरच वजाबाकी केली. आधी इंजिन बंद ठेवून लाटणं चावून उभे राहिले आणि दाढेचा ठोका बोटांनी मांडीवर मोजून पाठ केला. मग इंजिन सुरू करायला लावलं, आणि जो आवाज येईल त्यातून दाढेचा वजा करत गेले. घाम गळत होता. यादगिरीला एकेका सिलिंडरची ठिणगी तोडायला सांगितली. ज्याची बेअरिंग गेलेली असते, त्याची ठिणगी तोडली की ठोका थांबतो. कुठलीही तोडली तरी काही फरक पडला नाही; कारण उभ्या लॉरीत आता ठोकाच नव्हता.

“चढावर येतो ना?” काका म्हणाले. “मग चढावर ऐकायला पाहिजे.”

पुढचं दृश्य नारायणगुड्यातल्या दुकानदारांनी नंतर महिनाभर सांगितलं. शाळा सुटलेली. चढावर एक लष्करी लॉरी घरघरत येतेय, तिचं बॉनेट एका बाजूने उघडं, आणि पुढच्या मडगार्डवर शेरवानी घातलेले एक वयस्क गृहस्थ पालथे पडलेत. एका हाताने दिवा धरलाय, तोंडात लाटणं, लाटण्याचं टोक इंजिनावर. धोतराचा सोगा वाऱ्यावर. मागे फळीवर मी, खादीची टोपी सावरत, लाजेने अर्धमेला.

“क्या हुआ चचा कू?” एका पानवाल्याने विचारलं.

“लॉरी को चाव रहे,” दुसऱ्याने सांगितलं, जणू हे रोजचंच.

ठण ठण सुरू झालं. काकांनी हाताने खूण केली. यादगिरीने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. ठोका तात्काळ थांबला. पुन्हा जोर दिला, पुन्हा ठोका. काकांनी लाटणं या सिलिंडरवरून त्या सिलिंडरवर फिरवलं. सगळीकडे सारखाच. चढाच्या माथ्यावर ते उतरले. गालफड लाल झालं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज विजयी होता.

“काही तुटलं नाही. कुणी तोडलं नाही. हिला मी स्पिरिटसाठी घासलो. एवढा दाब तुमच्या पेट्रोलला सोसत नाही. ठिणगीची वाट न बघता आतल्या आत फुटतं. असंच दामटलं तर पिस्टनला भोक पडेल, ते पण बरोबर घाटात.” मग माझ्याकडे वळून, “टाकीत काय घातलंस ते मला का नाही सांगितलं, पुढारी? एवढी मोठी पाटी आहे गळ्यात.”

मी विचारलं, दुसरा उपाय? होता. हेडखाली तांब्याचा जाड पत्रा कापून बसवला की दाब कमी होईल. पण तसा पत्रा शहरात मिळत नव्हता आणि मिळाला असता तरी दिवाळी निघून गेली असती. ठिणगी उशिरा पाडून पाहिली. ठोका कमी झाला, पण लॉरी रिकामीसुद्धा चढ चढेना.

“मग आता?” मी लिहिलं.

“आता मल्लय्या,” काका म्हणाले.

मी तत्त्वाचा माणूस. पाटीवर तीनदा पुसून लिहिलं, की साध्याइतकंच साधनही शुद्ध पाहिजे. काकांनी पूर्ण वाचलं. पहिल्यांदाच त्यांनी मला पाटी भरू दिली.

“शुद्धच आहे ते,” ते म्हणाले. “दोनदा गाळतो मी. तुझी आई थंडीत आहे. माझी बायको खोकते. तू ठरव, ठराव कुणाचा मोडायचा.”

मल्लय्याचं दुकान काचीगुड्याच्या बाजूला. मी गेलो तेव्हा तो मडकी धुवत होता.

“आव पंतुलू,” तो म्हणाला, म्हणजे ‘या गुरुजी’. “आज झंडा किधर है?”

“स्पिरिटसाठी आलोय. लॉरीला पाहिजे.”

“सब लोगां ऐसाच बोलते. कोई बैल को बोलते, कोई सास को.”

“खरंच लॉरीला,” मी म्हणालो.

“त्र्यंबकसाब की?” त्याचा चेहरा बदलला. त्याने आत जाऊन पिंप गडगडत बाहेर आणलं. “वो अम्मा को लाने जा रे क्या? पहले बोलना था ना. हर हफ्ते आके पूछते थे साब: मल्लय्या, सरहद खुली क्या? मैं हात हलाके बोलता, नै खुली. फिर पिंप लेके जाते.” मग माझ्या टोपीकडे पाहून तो म्हणाला, “टोपी जेब में रखो पंतुलू. पिंप ढकलते बखत गिर जाती.”

मी टोपी खिशात ठेवली. बरकतपुऱ्यापर्यंत दारूचं पिंप ढकलत नेणारा समितीचा चिटणीस लोकांनी डोळे भरून पाहिला. वकीलसाहेबांनी राजीनामा मागितला. मी दिला.

काकांनी ते बंबात घालून पुन्हा गाळलं, टाकी भरली, आणि त्याच चढावर लॉरी अशी चढली की लाटण्याची गरजच पडली नाही. तरी त्यांनी ते कमरेला खोचलं.

वाटेत एका नाक्यावर जवानाने लॉरी थांबवली. धुराचा वास घेतला आणि दरडावून विचारलं, कोण प्यायलंय? मी खाली उतरून खरं ते सांगितलं: लॉरी. त्याने मला लॉरीभोवती सरळ रेषेत चालायला लावलं आणि मगच सोडलं.

छावणी म्हणजे माळावर बांबूच्या तट्ट्यांची रांग. आई धावत आली, मला कुरवाळलं, टोपी कुठाय विचारलं. तिच्या मागून रमाकाकू आल्या, ओल्या हातांनी. बऱ्याच वाळल्या होत्या. काका लॉरीच्या पायरीवरून उतरून उभे राहिले. माणसं गोळा झाली होती.

काकांनी कमरेचं लाटणं काढलं, शेरवानीच्या अस्तराला पुसलं आणि एक टोक उजव्या दाढांखाली धरलं. मला वाटलं, वेड लागलं; इथे कुठलं इंजिन? काकू दोन पावलं पुढे आल्या, त्यांनी लाटण्याचं दुसरं टोक हातात घेतलं आणि हनुवटीखाली आपल्या गळ्याला लावलं. भर माळावर, शंभर लोकांसमोर, नवराबायको वीतभर अंतरावर, मध्ये एक लाटणं. माझे कान तापले. मी आईकडे पाहिलं, तर ती सहज म्हणाली, “अरे, असंच बोलतात ते. संक्रांतीला गुळपोळ्या लाटता लाटता ही चिडली आणि लाटणं त्यांच्या तोंडासमोर नाचवलं. त्यांनी थट्टेने चावलं. तर हिचा आवाज ऐकू आला म्हणे. दोघं रडत बसली होती स्वयंपाकघरात. पोळ्या करपल्या सगळ्या.”

म्हणजे ईजाद त्यांची नव्हतीच.

काकूंचे ओठ हलत होते. इतकं हळू, की शेजारी उभं राहूनही ऐकू येत नव्हतं. काकांचा आवाज मात्र नेहमीसारखा अख्ख्या छावणीला जात होता. आम्हाला संभाषणाची अर्धीच बाजू मिळाली.

“हौ,” काका म्हणाले. “आलो की.”

“तेलकट लागेल. इंजिनाला लावत होतो. दोनदा धुतलो मी.”

“इंजिनात काय ऐकायचं गं? नुसतं ठण ठण. पण आवाज तर होता.”

“भाकऱ्या. पोळ्या कशाने लाटू?”

“हौ, दुखते. फार दुखते.”

मग काकू बराच वेळ काही बोलत राहिल्या. बोलता बोलता त्यांनी मोकळा हात काकांच्या सुजलेल्या गालावर ठेवला.

“कशी काढून घेऊ?” काका म्हणाले. “तू यायची होतीस ना.”

यादगिरीने इंजिन बंद केलं. आजूबाजूची माणसं उगीच आपापली बोचकी बांधायला लागली. काकूंनी पुन्हा काही विचारलं असावं.

“बरं. तू म्हणतेस तर जाऊ कोठीला,” काका म्हणाले. “पण आधी सगळं सांगून घे.”

त्या सांगत राहिल्या. होळीपासूनचं होतं, वेळ लागणारच. दिवाळी तोंडावर होती, रस्ता लांबचा होता. तरी चला, असं कुणीही म्हणालं नाही. मीसुद्धा.

दाढ पुढे काढलीच. त्या दिवशी कोठीहून परतल्यावर काकूंनी लाटणं त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवून पाहिलं, आणि जमलं. मग पोळ्यांसाठी दुसरं लाटणं आणलं.

मी पुष्कळ पत्रकं लिहिली आणि त्यांत लोकांकडे पुष्कळ मागितलं. हे मागणं लहान आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणीतरी बहिरं असेल. त्याच्यावर तुम्ही ओरडत असाल, किंवा ओरडून दमल्यावर त्याच्याशी बोलणंच सोडलं असेल. आज स्वयंपाक आटोपला की लाटणं धुऊन घ्या. एक टोक त्याच्या दातांत द्या. दात नसतील तर कानामागे टेकवा. दुसरं आपल्या गळ्याला लावा. सगळ्यांनाच ऐकू येईल असं नाही, पण लावून बघा. आणि ‘बंधूंनो’ म्हणू नका. आज भाजी कसली केली, ते हळू आवाजात सांगा.